वीतभर रूळ

आमचे हे स्टेशनवर नोकरीला आहेत, एवढं ऐकून माझ्या वडिलांनी मला या घरात दिलं. स्टेशनवर रूळच नाहीत, हे मला लग्नानंतर कळलं. वडिलांना तरी काय बोलणार? स्टेशन म्हटल्यावर रूळ आहेत का, असं कोण विचारतं.

झालं होतं असं. आमच्या भागात लाइन टाकायची म्हणून एका वर्षी अर्थसंकल्पात पैसे आले. रुळांसाठी लागणारी जमीन अजून ताब्यात नव्हती, आणि वर्ष संपायच्या आत खर्च झाला नाही तर पैसे परत जाणार. साहेबलोकांना घाम फुटला. माळावरचा एक तुकडा तेवढा ताब्यात होता, त्यावर त्यांनी घाईघाईने स्टेशन बांधून टाकलं. फलाट, तिकीटखिडकी, पाण्याची टाकी, सगळं साग्रसंगीत. गाडीचं तेवढं राहिलं. मग दारं-खिडक्या कुणी काढून नेऊ नयेत म्हणून यांना नेमलं. कागदोपत्री रखवालदार. लोक म्हणायचे मास्तर, आणि म्हणताना हसायचे.

पुढे वर्षानुवर्षं तोच खेळ. अर्थसंकल्पाच्या दिवशी हे सकाळपासून रेडिओला कान लावून बसायचे. भाषणात मोठमोठ्या लाइनींची नावं यायची, आमची कधीच नाही. संध्याकाळी मोठ्या ऑफिसातून इंजिनिअरसाहेबांचा फोन यायचा, "मास्तर, आहे हं थोडंसं." थोडंसं म्हणजे एवढंच, की लाइन रद्द केली असं कुणाला म्हणता येऊ नये. रूळ टाकण्याइतकं कधीच नाही. मी म्हणायचे, "तुमची लाइन मरतही नाही आणि अंथरुणातून उठतही नाही." हे म्हणायचे, "श्वास चालू आहे ना? मग झालं तर." त्यांची एकच इच्छा होती. निवृत्त होण्याआधी एक गाडी, फक्त एक, आपल्या हाताने घंटा वाजवून सोडायची.

घंटा म्हणजे काय, तर फलाटाच्या छपराला दोरीने टांगलेला वीतभर रुळाचा तुकडा. अख्ख्या स्टेशनात रूळ म्हणून तेवढाच. गाडी सुरू झाली तर सकाळी एक आणि संध्याकाळी एक जाणार असं ठरलेलं होतं, म्हणून हे दोन्ही वेळा बोल्टने तो वाजवायचे. आधी दोन ठोके, गाडी येतेय. मग गाडी थांबेल तेवढा वेळ थांबून तीन ठोके, गाडी सुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "डोकं ठिकाणावर आहे ना?" असं एकदा तोंडावर विचारलं. "हात बसलेला असावा," एवढंच म्हणाले. पण गंमत बघा, हळूहळू सगळी वस्ती त्या ठोक्यांवर चालायला लागली. शाळेची पोरं दोन ठोक्यांना घरून निघायची. समोरची शिवणकामवाली संध्याकाळच्या तीन ठोक्यांना मशीन झाकायची. न येणाऱ्या गाडीवर सगळ्यांची घड्याळं लागलेली.

यांची निवृत्ती तोंडावर आली, आणि त्याच वर्षी लाइनीला पूर्ण पैसे मंजूर झाले. फोन ठेवून हे भिंतीला टेकून बसले. मी पाणी दिलं, तर पेला हातात तसाच.

मग इंजिनिअरसाहेब स्वतः आले. टेप लावून फलाट मोजला आणि यांच्याकडे न बघता बोलले, "मास्तर, हा जुन्या मापाचा आहे. आताच्या डब्यांना बुटका पडतो. पाडावा लागेल."

"आणि इमारत?"

"तीसुद्धा. रूळ नेमके तिथूनच जाणार."

"मग पाडा," हे म्हणाले. "गाडी आली पाहिजे."

घरी येऊन जेवले नाहीत. मला इतका संताप आला म्हणून सांगते. जन्मभर ज्या पैशांची वाट पाहिली, त्याच पैशांनी यांचं स्टेशन पाडायचं. आणि पाडायच्या दिवशी सकाळी हे फलाट झाडतायत. "आज पाडणार आहेत, झाडताय कशाला?" मी म्हटलं. "माणसं कामाला येणार. त्यांना घाण दिसायला नको."

घंटेचा तुकडाही भंगारात जाणार होता. सरकारी माल म्हणून यांनी स्वतःच तो दोरीसकट सोडवून, बोल्टासह ढिगावर ठेवला. हे शिस्तीचे, मी नाही. मी तुकडा आणि बोल्ट दोन्ही धुण्याच्या बादलीत घातले, वर ओले कपडे टाकले आणि घरी आणले. बादलीत कोण डोकावतंय?

गाडी आली ती यांच्या निवृत्तीनंतर. नव्या स्टेशनात घंटाच नाही, सगळं सिग्नलवर आणि भोंग्यावर. पहिल्या गाडीच्या दिवशी पाहुणे फलाटावर आणि आम्ही दोघं गर्दीत, दोरीच्या अलीकडे. यांना कुणी बोलावलं नव्हतं. गाडी आत आली तसा यांचा रिकामा हात मांडीवर आपटला. एकदा, आणि पुन्हा एकदा. मला ते बघवेना. मी घरून पिशवीत आणलेला बोल्ट त्यांच्या हातात कोंबला आणि पिशवीतलाच तुकडा त्याच्या दोरीला दोन्ही हातांनी धरून वर उचलला.

"अगं, हा सरकारी..."

"ते घरी गेल्यावर बोला. आधी वाजवा."

त्यांनी तीन ठोके दिले. गर्दीतल्या माना आमच्याकडे वळल्या. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. गाडी हलली. सिग्नल आधीच हिरवा झाला होता, घंटेमुळे काही ती सुटली नाही, एवढं मलाही कळतं. यांनाही कळत होतं. तरी शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ते बोल्ट घट्ट धरून उभे राहिले, आणि डोळे पुसायचं त्यांना सुचलं नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ठेव आता खाली. जड आहे."

ठोके अजून माझ्या दंडांत झणझणत होते. मी म्हटलं, "राहू दे थोडा वेळ."