आमच्या पट्टीवर कॅमेरा नव्हता

इंदूर सोडलं त्या सकाळी बाबा विमानतळाच्या दारापाशीच थांबले. रेल्वेत क्लार्की केलेला माणूस, निरोप-बिरोप त्यांना जमत नसे. मुग्धा, माझी मुलगी, नऊ वर्षांची होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते मला म्हणाले, "जातेच आहेस तर हिला काहीतरी बनवून आण. यूं ही मत आना." मी हो म्हटलं. शाळेतली गणित शिकवायची नोकरी सोडून, अन्नपूर्णा भागातलं घर रिकामं करून निघालेली बाई दुसरं काय म्हणणार?

माझा नवरा शेखर खताच्या कारखान्यात इंजिनियर. कॅनडातलं ते गाव इतकं सपाट की बघायला काही नाही, आणि थंडी अशी की बघायला बाहेर पडवत नाही. माणसं भेटत ती फक्त बर्फाच्या हॉलमध्ये. तिथे कर्लिंग चाले. हा खेळ इंदुरात कुणाला ठाऊक नसतो म्हणून सांगते. वीसेक किलोचा गुळगुळीत दगड बर्फाच्या लांब पट्टीवर सोडायचा आणि पलीकडे रंगवलेल्या वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवायचा. त्याच्यापुढे दोघी जणी ब्रशने बर्फ घासत पळतात, म्हणजे दगड लांब जातो आणि कमी वळतो. शाळेच्या चौघींच्या संघात एक मुलगी कमी पडत होती, म्हणून मुग्धाला नेलं. बाकी काही नाही.

मी व्हिडिओ पाठवला तर माझा भाऊ मिलिंद हसून लोळला. "ताई, झाडू-पोचा तो यहाँ भी था! त्यासाठी कॅनडा कशाला गेलात?"

मागून बाबांचा आवाज आला, "जीतती है ना? मग लगाने दे झाडू."

जिंकत होती. आधी गावात, मग आसपासच्या गावांत, मग प्रांताच्या ज्युनियर संघात. चौदाव्या वर्षी तिचे खांदे माझ्यापेक्षा रुंद झाले. मी बर्फात गाडी चालवायला शिकले, डिक्कीत फावडं ठेवायला शिकले, थर्मासमध्ये खिचडी न्यायला शिकले. खेळाचा सीझन ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे दिवाळी गेली, संक्रांत गेली, रंगपंचमीची गेर, ती रंग उधळत निघणारी मिरवणूक, गेली. मिलिंदचं लग्न डिसेंबरात होतं, तेही फोनवर पाहिलं. आम्ही इंदूरला यायचो जूनमध्ये, सगळं होऊन गेल्यावर. लोक पंख्याखाली पडलेले असत आणि विचारत, "कब तक हो?"

मी त्याला नुकसान मानलं नाही. मुलगी वर चढत होती आणि मी तिला वर नेत होते. हिशेब सरळ होता.

त्या खेळात एक रीत आहे. चुकून तुमचा ब्रश चालत्या दगडाला लागला तर तुम्हीच सांगायचं. पंच धावत येत नाही, समोरचा संघ ओरडत नाही. ज्याचा ब्रश लागला त्याने हात वर करायचा, आणि तो दगड बाद. हे मी वर्षानुवर्षं काचेमागे कॉफी पीत पाहिलं होतं. छान वाटायचं. इंदूरला फोनवर कौतुकाने सांगायचेसुद्धा. छोट्या सामन्यांत छानच वाटतं ते.

बाविसाव्या वर्षी मुग्धा राष्ट्रीय स्पर्धेत पोचली. जिंकलं तर उपांत्य फेरी, हरलं तर घर, असा सामना. शेवटचा दगड आमचा. तो बरोबर निघाला होता, मला काचेमागूनही कळत होतं. मुग्धा पुढे वाकून घासत होती. मग ती एकदम सरळ झाली आणि तिने हात वर केला.

दगड बाद झाला. आम्ही हरलो. तिथल्या रिवाजाप्रमाणे जिंकलेल्या मुलींनी हरलेल्यांना टेबलावर बसवून बिअर पाजली, मुग्धाची पाठ थोपटली. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "कुणी पाहिलं होतं का?"

"काय?"

"ब्रश लागलेला. आपल्या पट्टीवर तर कॅमेरा नव्हता."

तिने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "आई, मी पाहिलं होतं ना." मराठीत म्हणाली. एरवी गाडीत ती इंग्रजीच बोलते.

वसंतात संघाच्या कप्तान मुलीने दोन नव्या मुली घेतल्या. मुग्धाला संघातून काढलं. कारण त्या हात वर करण्याचं होतं की नव्हतं, कुणी सांगितलं नाही. सगळे अजून तिचं कौतुकच करत होते. दुसरा संघ मिळाला नाही. तिने बूट, ब्रश क्लबातल्या एका मुलीला देऊन टाकले आणि समुद्राकाठच्या शहरात इन्शुरन्सच्या ऑफिसात लागली. रविवारी फोन करते. हवा कशी आहे ते सांगते, शेखरची शुगर विचारते, ठेवते. खेळाचं मी काढलं की तिला दुसरा कॉल येतो.

शेखर रिटायर झाल्यावर आम्ही परत आलो. बाबा तोवर गेले होते. इंदूरला लागूनच, राऊला, सोसायटीत फ्लॅट घेतला. खिडकीतून नव्या बिल्डिंगांचे सांगाडे दिसतात. पहिल्याच आठवड्यात सगळे भेटायला आले. मिलिंदने प्लेट हातात धरून सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाला, "किसी ने देखा था क्या?"

"नाही."

"मग भिया, सांगितलं कशाला?" इंदुरात भिया, म्हणजे भाऊ, कुणालाही म्हणतात.

त्याची बायको म्हणाली, "पोरगी फारच भोळी." शेजारच्या जोशीकाकूही तेच म्हणाल्या. भाजीवाल्याला ही गोष्ट सांगितली तर तोही तेच म्हणेल. मी तर आजही तेच म्हणते. तिने हात खाली ठेवला असता तर ती आज कुठे असती, हे मला स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना मनात येत राहतं, आणि ती चुकली असंच मला वाटतं. ते वाटणं जात नाही. आणि तिला ते फोनवरसुद्धा ऐकू येतं.

तिकडे गेलेले लोक विचारतात, परत येऊन घरी आल्यासारखं वाटतं का? वाटतं ना. इथे "कुणी पाहिलं होतं का" हा माझा प्रश्न सगळ्यांना बरोबर वाटतो. फक्त माझी मुलगी इथे राहू शकत नाही.