जहाजाच्या वेळेचं घड्याळ

अठरा जानेवारी. हातातलं काम : वरच्या खोलीतल्या भाडेकरूची दवाखान्यात न्यायची पिशवी भरणं. दोन पायजमे, स्वेटर, स्टीलचा पेला, घाईत मागे राहिलेला त्यांचा मोबाइल, आणि भिंतीवरचं एक बंद घड्याळ. घड्याळ त्यांनीच मागितलं. दुपारी बुलढाण्याच्या दवाखान्यात तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाले, "ताई, उद्या येतानी ते दुसरं घड्याळ आना." बंद घड्याळाचं काय करणार, असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

आमच्या धाड गावात सगळे त्यांना कंट्रोलर काका म्हणत. एसटीच्या स्टँडवर गाड्या सोडण्यात त्यांची नोकरी संपली. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याची नोकरी सुटते पण तो नोकरीतून सुटत नाही. खाली माझी पिठाची चक्की आहे. ती सुरू करायला मला जरा उशीर झाला की काका जिन्यात उभे राहायचे, तोंडासमोर मूठ धरायचे आणि स्टँडवरच्या भोंग्यासारखा आवाज काढायचे, "प्रवाशांनी नोंद घ्यावी, धाड चक्की आज लेट हाय!" दळणाला आलेल्या बाया हसून हसून डबे खाली ठेवत.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "गाडी कोनासाठी थांबत नसते." हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा भावाच्या लग्नाला निघालेली त्यांची बायको गाडीत पिशवी ठेवून, विसरलेला आहेर आणायला घरी पळाली. काकांनी घड्याळ पाहिलं आणि गाडी सोडली. पिशवी लग्नाला पोचली, बाई हळदीनंतर. काकू गेल्या त्या वर्षापर्यंत हे चारचौघांत सांगायच्या, "याच्यापरीस त्या ड्रायव्हरसंगं लगन केलं असतं, तं येळेवर तरी पोचले असते."

पण हाच माणूस एक गोष्ट थांबवायचा. ड्रायव्हरच्या घरून वाईट निरोप आला तर तो खेप संपेपर्यंत खिशात ठेवायचा. एका ड्रायव्हरची आई सकाळी गेली. काकांनी त्याला अमडापूरला जाऊन परत येऊ दिलं, गाडी रिकामी होऊ दिली, त्याच्या हातात चहा दिला आणि मग सांगितलं. ड्रायव्हरनं भर स्टँडवर त्यांना आईवरून शिव्या दिल्या. काकांनी त्या उभ्यानं ऐकून घेतल्या. "मन फाटलेल्या मानसाच्या हाती भरली गाडी देऊ का मी?" मला एवढंच म्हणाले.

त्यांना एकच मुलगा. हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि परदेशी फिरायला नेणाऱ्या मोठ्या जहाजावर वेटर म्हणून लागला. तो गेला त्या आठवड्यात काकांनी खोलीत दुसरं घड्याळ टांगलं. एक धाडचं, एक जहाजाचं. जहाज पुढे सरकलं की तिथली वेळ एखाद्या तासानं बदलायची. मुलगा निरोप टाकायचा आणि काका स्टुलावर चढून काटा फिरवायचे. सकाळी चक्की ऐन भरात असताना वरून हाक यायची, "ताई, जरा सावकाश चालवा. पोरगं आत्ताच निजलं."

"काका, तो समुद्रात निजलाय. माझी चक्की धाडला आहे."

"तरीबी."

या घड्याळाचा उपयोगही होता. जहाज बंदराला लागलं की मुलाला थोडा वेळ खाली उतरायला मिळे. जमिनीवर पाय ठेवला की त्याचा मोबाइल आपोआप त्या गावची वेळ दाखवायचा. जहाज मात्र स्वतःच्या वेळेनं सुटतं. म्हणून बापलेकांनी रीतच पाडली होती. मुलगा बंदरावरून फोन करायचा, आईच्या आठवणी, जेवणखाण, इकडचं तिकडचं बोलायचा आणि शेवटी विचारायचा, "बाबा, जहाजावर किती वाजले?" काका भिंतीकडे पाहून सांगायचे. मग म्हणायचे, "निंघ आता." म्हाताऱ्याला पुन्हा गाडी सोडायला मिळाली होती. काकू गेल्यानंतर इतकं टवटवीत मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

मागच्या उन्हाळ्यात मुलाचा निरोप आला : उद्याच्या बेटावरचं घड्याळ जहाजाच्या एक तास मागे आहे, जहाजाचं आहे तेच राहील. काकांनी तो दोनदा वाचला. मला वाचूनही दाखवला. आणि स्टुलावर चढून काटा एक तास मागे घेतला.

का, ते मला नंतर कळलं. एसटीत गाडी कुठल्याही डेपोची असो, ती ज्या स्टँडवर उभी असेल तिथल्या घड्याळानं सुटते. ड्रायव्हरच्या मनगटाला कोणी विचारत नाही. जहाज बेटाला लागलं म्हणजे बेटाची वेळ. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. त्यात चूक असू शकते हे त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलानं विचारलं, काकांनी सांगितलं. मुलाचा मोबाइलही तेच दाखवत होता. "अजून लय टाइम हाय, बोल निवांत," काका म्हणाले. ते बोलत होते तेव्हा जहाजाची शिडी वर ओढली जात होती.

नोकरी गेली. मुलगा कसाबसा मुंबईला पोचला. तिथून त्यानं एकदा फोन केला. मी तेव्हा दळणाचा हिशेब विचारायला वर गेले होते, त्यामुळे ऐकू आलं. "बाबा, एकच काम होतं तुमच्याकडं." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

काकांनी भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जहाजानं बराबर केलं, ताई. मीबी सोडली असती."

काही महिन्यांनी काकांच्या पुतण्याकडून कळलं की मुलगा दुसऱ्या जहाजावर लागला. कुठलं, कुठे, काही नाही. त्या दिवशी काकांनी दुसऱ्या घड्याळातला सेल काढला. "गाडी कुठं हाय हेच मालूम नाही, तं कंट्रोलरनं काटा कुठं ठेवावा?"

त्यानंतर ते रोज सकाळी मोबाइल घेऊन खाली येऊ लागले. "ताई, याच्यात काही अडकलं तं नाही ना? एक डाव लावून पाहा." मी पीठभरल्या बोटांनी त्यांना फोन लावायचे. त्यांच्या हातातला मोबाइल वाजायचा. ते तो कापायचे, मान हलवायचे आणि जिना चढायचे. मोबाइलमध्ये काहीच बिघाड नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. पुढे पुढे जिना चढताना त्यांना मध्येच बसावं लागू लागलं. मी पाठवलेला जेवणाचा डबा अर्धा परत यायचा. मी रागावले, शेजारणी रागावल्या. "भूक लागंल तवा खाईन ना," म्हणायचे आणि खायचे नाहीत. छाती भरली तेव्हा आम्ही त्यांना जीपमध्ये घालून बुलढाण्याला नेलं.

मुलाला मी याआधीही निरोप पाठवले होते. पोचायचे, उत्तर नसायचं. आज पिशवी भरून झाल्यावर मी गोड बोलायचं सोडलं. माझा मोबाइल तोंडाशी धरला आणि निरोप बोलूनच पाठवला, "तुझे बाबा दवाखान्यात आहेत. डॉक्टर म्हणतात, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. राग घरी आल्यावर कर. आधी फोन कर."

सकाळी उठले तर उत्तर नुकतंच आलेलं होतं. "काकू, इथं रात्रीचे नऊ झाले. बाबांना सांगा, घड्याळ नऊला लावा. मी जेवणाच्या हॉलमध्ये आहे, बाराला ड्युटी सुटते. सुटलो की बाबांच्याच फोनवर लावतो. त्यांना म्हणा, माझ्याच मनगटावर घड्याळ नव्हतं."

घरात नवा सेल नव्हता. मी वर जाऊन भिंतीवरच्या धाडच्या घड्याळातला काढला, जहाजाच्या घड्याळात घातला, काटे लावले. टिकटिक सुरू झाली. पिशवी उचलली आणि स्टँडवर गेले तर गाडी फाटकाबाहेर पडत होती. हात करायचं मनात आलं नाही. पुढच्या जीपनं गेले.

रात्री काकांजवळ थांबलेला पुतण्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला होता. मला पाहून उठला. "काकू, पहाटंच गेले. तुम्ही येऊनच राह्यल्या असान म्हनून फोन नाही केला."

"कोणाला कळवलंस?"

"अजून कोनालेच नाही. भावाले मेसेज टाकू का?"

मी पिशवीतून घड्याळ काढून पाहिलं. जहाजावर साडेदहा वाजले होते.

"टाकू नकोस. ड्युटीवर आहे तो."

त्याच्या हातात भरली गाडी नव्हती, जेवणाची ताटं होती. तरीही. मी पुतण्याला कागदांच्या खिडकीकडे पाठवलं आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. घड्याळ मांडीवर ठेवलं. काकांचा मोबाइल बाहेर काढला, त्याचा आवाज पूर्ण वाढवला आणि बारा वाजायची वाट पाहत राहिले.