थोरल्या बाईंचे हरवलेले नियम

आमच्या ऑफिसात दोन जावा आहेत आणि त्या एकाच खुर्चीवर बसतात. सकाळी थोरल्या, संध्याकाळी धाकट्या. टेबल तेच, कॉम्प्युटर तोच, फक्त आत शिरायचा पासवर्ड आपापला. खुर्चीची उंची मात्र दोघींना वेगळी लागते. त्यामुळे दुपारी पाळी बदलताना त्या खुर्चीतून जो ‘फुस्स’ असा आवाज येतो, तेवढंच काय ते गेली कित्येक वर्षं त्यांच्यातलं बोलणं.

आमची कंपनी लिफ्ट सांभाळते. कोणी आत अडकलं आणि घंटेचं बटण दाबलं, की त्या लिफ्टचं पॅनल आमच्याकडे मेल टाकतं. इथवर ठीक. पण ही पॅनलं बडबडी असतात. दार उघडलं, मेल. दार मिटलं, मेल. सगळं ठीक आहे, तरी मेल. आणि प्रत्येक मेलच्या डोक्यावर एकच मथळा: ‘लिफ्टकडून निरोप’. खरा अडकलेला माणूस त्या गर्दीतून शोधायचा म्हणजे लग्नाच्या मांडवात आपली चप्पल शोधण्यातलाच प्रकार.

ते काम थोरल्या बाईंनी नियम करून मार्गी लावलं होतं. थोरल्या बाई रागीट आहेत असं म्हणणं म्हणजे समुद्र ओलसर आहे असं म्हणणं. पण त्यांचा राग फुकट जात नाही. एका दवाखान्याच्या लिफ्टने दिवसभर दार-पुराण लावून त्यांचं डोकं उठवलं, तेव्हा दात-ओठ खाऊन त्यांनी पहिला नियम केला: ह्या लिफ्टची बडबड परस्पर ‘बरं मग’ नावाच्या फोल्डरात जावी. पुढे जो जो छळेल त्याच्या नावाने एकेक नियम होत गेला. साहेबांच्या सूचना ‘थोर विचार’मध्ये. रडगाणी ‘उद्या’मध्ये. आणि सगळ्यांत मोलाचा नियम ‘खरंच अडकले’. त्यात मेल पडली की कॉम्प्युटर कानठळ्या बसवणारी घंटा वाजवायचा. हा नियम सोपा नव्हता. एका कंपनीचं पॅनल ‘बटण दाबले’ असं लिहितं, दुसरं नुसता आकडा टाकतं, तिसऱ्याला शुद्धच नसते. बाईंनी एकेक चूक झाल्यावर एकेक अट जोडत तो वर्षानुवर्षं विणला होता. प्रत्येक अटीमागे एक शिवी होती.

सोमवारी सकाळी बाईंनी कॉम्प्युटर उघडला, तर पडदा निळा, अक्षरं गोल आणि मधोमध एक वाक्य: ‘आपला अनुभव आता अधिक सुखद होईल.’

“कोणी मागितला होता?” बाईंनी पडद्याला विचारलं.

सुखद अनुभवात नियम एकही नव्हता. फोल्डर जुन्या मेलसकट जागेवर होते, पण आत नवं काही पडत नव्हतं. मेल मात्र इनबॉक्समध्ये धो-धो पडत होती.

बाईंनी जावयाला बोलावलं. हा त्यांचा जावई नव्हे, कॉम्प्युटर खात्यातला गृहस्थ. बोलावल्याशिवाय येत नाही आणि आला की आधी चहा लागतो, म्हणून बाई त्याला जावई म्हणतात.

“माझे नियम कुठायत?”

“जुन्यातले नियम नव्यात आपोआप येत नाहीत, बाई. फाइल काढून ठेवा म्हणून कळवलं होतं.”

“कोणाला?”

“सगळ्यांना. दोन मेल टाकल्या. दुसरी लाल अक्षरांत.”

मेल शोधल्या. दोन्ही सापडल्या, ‘जावयाचं’ नावाच्या फोल्डरात, न उघडलेल्या. नियम जाणार असल्याची बातमी नियमांनीच इमानेइतबारे बाजूला नेऊन ठेवली होती.

“मग तोंडाने सांगायला जीभ झडली होती?”

“आलो होतो ना. तुम्ही म्हणालात, ऊन उतरल्यावर ये. तेव्हा तुम्ही घरी असता.”

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने चहा न मागताच काढता पाय घेतला. मग त्या आठवून आठवून नियम पुन्हा करायला बसल्या. दुपारी कानठळ्या बसवणारी घंटा वाजली, दोन मेकॅनिक हत्यारांची पेटी घेऊन जिन्यापर्यंत धावले, आणि मग कळलं की ती साहेबांची मेल होती: टेबलं स्वच्छ ठेवावीत. बाईंनी तो नियम पुसला. पुसताना असं बटण दाबलं की ते परत वर यायला वेळ लागला.

खरं वाईट झालं ते मंगळवारी. एक आजोबा औषधांची पिशवी घेऊन दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. बटण दाबलं, मेल आली आणि ‘दार मिटलं’, ‘सगळं ठीक’ ह्यांच्या ढिगात गुडूप झाली. शेवटी आजोबांच्या हाका ऐकून त्यांची मुलगी वॉचमनच्या अंगावर धावून गेली, तेव्हा कुठे आम्हाला फोन आला. आजोबा सुखरूप निघाले. पण मुलीने नंतर पुन्हा फोन केला आणि थोरल्या बाईंना एकच विचारलं, “तुम्ही तिथे झोपा काढायला बसता का?”

थोरल्या बाईंनी ते ऐकून घेतलं. आम्ही हे पहिल्यांदाच पाहत होतो. फोन ठेवून त्यांनी तो ढीग वर-खाली सरकवून पाहिला. “अजून कोण आत असेल ह्यात?” त्या म्हणाल्या. मग मात्र त्यांचा जो भडका उडाला, त्यात साहेब, जावई, गोल अक्षरं बनवणारा अज्ञात माणूस आणि ‘होईल सगळं ठीक’ असं मध्येच म्हणून बसलेला मी, असे सगळे होरपळलो.

दुपारी धाकट्या बाई पाळीवर आल्या. दारातच त्यांनी सगळं ऐकलं. पर्स उघडली, पर्समधून पिशवी काढली, पिशवीतून डबी, डबीतून पेन ड्राइव्ह.

“ताई, हे घ्या. नियम.”

धाकट्या बाईंना प्रत्येक गोष्टीची प्रत काढून ठेवायची सवय. थोरल्या म्हणायच्या, “स्वतःची झेरॉक्स निघत असती तर ती कपाटात ठेवून मग ही घराबाहेर पडली असती.” धाकट्या नव्या असताना थोरल्यांनीच त्यांना आपल्या नियमांची फाइल दिली होती. तेव्हा जावांचं सूत जमत होतं, निदान आम्हाला तसं वाटायचं.

“तुझ्याकडे होती आणि काल बोलली नाहीस?”

“चिठ्ठी लावली होती मॉनिटरला.”

चिठ्ठी केराच्या टोपलीत सापडली. चुरगळलेली. धाकट्या बाई रोज अशा पिवळ्या चिठ्ठ्या लावून जात, आणि “मेल लिहायला हात झिजतात का हिचे?” असं म्हणत थोरल्या त्या रोज टोपलीत टाकत.

जावयाला पुन्हा बोलावलं. त्याने पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली. नियम एकेक करून आत येऊ लागले आणि मध्येच प्रोग्रॅम अडला.

“‘शांत झाल्यावर’ हे फोल्डर सापडत नाही म्हणतोय. कुठलं देऊ?”

“असलं फोल्डर माझं नाही. नियम काय आहे तो?”

जावई वाचू लागला. “थोरल्या बाईंच्या पत्त्यावरून येणारी प्रत्येक मेल...” इथे त्याने घाईने माऊस हलवला. पुढचं सगळ्यांना कळलंच.

“माझ्या मेल अडगळीत टाकतेस?”

“अडगळीत नाही. शांत झाल्यावर वाचते.”

“कोण शांत झाल्यावर? तू का मी?”

“मी. तुमची वाट कुठवर बघणार?”

“मी तुझ्या नवऱ्याला अंगाखांद्यावर खेळवलंय...”

“तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा हे कॉलेजात होते, ताई.” धाकट्या बाईंचा आवाज चढला नव्हता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या जावयाकडे वळल्या. “माझे नियम मी फाइलीत खाली जोडलेत. त्याच्या वरचा वाचा ना. तो माझा नाही.”

जावयाने थोरल्यांकडे पाहिलं, धाकट्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग वाचलं. धाकट्या बाईंकडून येणारी मेल न उघडता ‘वाचली’ अशी खूण करून ‘बरं मग’मध्ये टाकावी.

“तुम्हीच दिलेली फाइल,” धाकट्या बाई म्हणाल्या. “हाती आली त्याच दिवशी उघडली, आणि हे. त्याआधी आठवडाभर बसून लिहिलं होतं मी तुम्हाला, कुठली लिफ्ट कुरकुरतेय, कुठला वॉचमन फोन उचलत नाही. म्हटलं, ताईंचं उत्तर का येत नाही. तेव्हापासून चिठ्ठ्या लावते.”

ज्याच्याविषयी नियम केला त्याच्याच हातात नियमांची फाइल द्यायची, हे आमच्या थोरल्या बाईंनाच जमावं. राग जायला वाट हवी म्हणून त्या जावयावर घसरल्या. “आणि तू हे सगळं मोठ्याने काय वाचतोस? शाळेत आहेस?”

“दोन्ही वगळून बाकीचे चालवू का?” जावई पुटपुटला. “साचलेल्या ढिगावर?”

“चालव.”

ढीग खाली बसू लागला. दार-पुराण गेलं, थोर विचार गेले, रडगाणी गेली. ‘खरंच अडकले’मध्ये दोन मेल उरल्या. एक आजोबांची. दुसरी त्यानंतरची, अगदी दुपारची. तिला कोणीच उत्तर दिलं नव्हतं.

थोरल्या बाईंनी फोन ओढला. त्या इमारतीचा नंबर त्यांना तोंडपाठ. लावला, चुकला. पुन्हा लावला, कोणा चष्मेवाल्याच्या दुकानात लागला. त्या दुकानदारालाही दोन शब्द ऐकावे लागले. बाईंचा हात थरथरत होता. धाकट्या बाईंनी त्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि सावकाश, एकेक आकडा दाबत नंबर लावला.

“मघापासून लिफ्ट बंद आहे ना तुमची? आत कोण आहे?” पलीकडचं ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या. “काय आहे?” मग त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. “सोफा आहे.”

“काय?”

“सामान चढवणाऱ्यांनी नुसता सोफा आत घालून पाठवला. तो मध्येच कलंडला आणि त्याचा हात घंटेच्या बटणावर पडला. आत माणूस नाही. मालक जिन्यावर बसलेत.”

थोरल्या बाईंनी खुर्चीवर अंग टाकलं. खुर्ची ‘फुस्स’ म्हणाली. मग त्यांनी फोन मागून घेतला आणि लिफ्ट बंद पडल्यावर साधा एक फोन न करणाऱ्या त्या वॉचमनला जे सुनावलं, ते पलीकडच्या टोकाला जिन्यावरच्या मालकांनाही ऐकू गेलं असावं. मेकॅनिक पाठवला. सगळं झाल्यावर धाकट्या बाई हळूच म्हणाल्या, “ह्यासाठी, ताई.”

“कशासाठी?”

“तुमची मेल आली की माझा हात मघाशी तुमचा झाला तसा होतो. तेवढ्यात घंटा वाजली तर मी नंबर कसा लावू? म्हणून आधी काम. मग ‘शांत झाल्यावर’ उघडते. सगळ्या वाचते, एकही सोडत नाही. दहातल्या आठ वेळा तुमचंच बरोबर असतं.”

“दहातल्या दहा.”

“आठ.”

थोरल्या बाईंनी जावयाला बाजूला केलं, माऊस हातात घेतला आणि धाकट्यांविषयीचा आपला नियम स्वतः पुसला. “तुझा तुझ्याकडे राहू दे,” त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या. “इथे नको. मी स्वतःलाच आठवणीच्या मेल टाकते, त्या शांत व्हायची वाट बघत बसतील.”

“मग आता माझ्या मेल तुम्हाला दिसणार?”

“दिसतील. लांबलचक लिहू नकोस. कुठली लिफ्ट, काय झालं, संपलं. आणि मी बस म्हणायची वाट बघतेस का? बस आता, पाळी तुझी आहे.” पर्स काखोटीला मारून त्या निघाल्या आणि दारातून ओरडल्या, “सोफा निघाला की मला कळव. त्या वॉचमनला अजून बरंच सांगायचं राहिलंय.”