चार वेळा पाहिलेलं फुटेज

न्यू जर्सीतल्या पोलिसांच्या नोकरीत मी पुष्कळ चोऱ्या पाहिल्या. दागिन्यांच्या दुकानातली ती एक चोरी मात्र आठवली की अजूनही मान खाली जाते.

तक्रार आपल्याच माणसाची होती. दुकानाचे मालक मराठी, मी त्यांना काका म्हणायचो. काउंटरवरच्या ट्रेमधून दोन पाटल्या गेल्या होत्या.

"एक काळा आला होता," काका म्हणाले. "आणखी कोण असणार?"

"बाकी गिऱ्हाईकं?"

"दोन-तीन आपलीच. आणि एक गोरी मॅडम. तिचं सोड."

मी सोडलं. त्या काळ्या माणसाने मुलीच्या कानातल्यांची ऑर्डर देताना फोन नंबर लिहून दिला होता. चोर नंबर ठेवून जात नाही, एवढंही मला सुचलं नाही. तो स्कूलबसचा ड्रायव्हर होता. त्याच्या वेळा विचारायला मी कंपनीत फोन केला आणि कंपनीने त्याच दिवशी त्याला कामावरून थांबवलं. अटक झाली असती तर लायसन्सही गेलं असतं.

बोलावल्यावर तो स्वतःहून आला. मी त्याला त्याचे कायदेशीर हक्क वाचून दाखवले आणि तीन तास तेच तेच विचारलं. आवाज न चढवता तो म्हणाला, "माझी पिशवी दारातच ठेवून घेतली होती. खिसे मीच उलटे करून दाखवले. त्या गोऱ्या बाईंना किती वेळा विचारलंत?"

"विषय बदलू नका," मी म्हणालो.

दुकानातल्या कॅमेऱ्याचं फुटेज मी चार वेळा पाहिलं होतं. पाचव्यांदा लावलं आणि पहिल्यांदाच दाराकडे बघितलं. पिशवी बाहेर ठेवायचा नियम होता. आपल्या बायकाही पिशवी देऊन मुकाट टोकन घेत होत्या. गोऱ्या बाईला मात्र काकांनी हसून पर्ससकट आत घेतलं. ट्रेवरचा तिचा हात पर्समध्ये जाताना स्पष्ट दिसत होता.

माझा गोरा सहकारी शेजारीच होता. "मीही हे पाहिलं होतं," तो हळू म्हणाला. "मला तिच्यात माझी आई दिसली. त्यात चोर शोधावा असं वाटलंच नाही."

वॉरंट घेऊन तिच्या घरी गेलो. पाटल्या तिच्या ड्रॉवरमध्ये मिळाल्या. "माझ्याकडे कसे आलात?" तिने विचारलं. तिचं आश्चर्य खरं होतं. गोऱ्या कातडीला मिळणारी सवलत म्हणतात ती हीच. ती तिने मागितली नव्हती. आम्ही तिघांनी दिली होती, आणि भरपाई चौथ्याकडून घेतली होती.

कंपनीला चूक माझी असल्याचं लेखी दिलं. ड्रायव्हर कामावर परतला. मी माफी मागायला गेलो तेव्हा तो दारातच म्हणाला, "मला काय सांगता? दुकानदाराला सांगा. तो तुमचं ऐकेल."

काकांना भर दुकानात सांगितलं, "तुम्ही चुकलात, मीही चुकलो. पिशव्या सगळ्यांच्या ठेवा, नाहीतर कुणाच्याच नकोत."

"तू आम्हाला रेसिस्ट म्हणतोस? आपल्या माणसांना?"

"हो काका. आपल्यालाच."

त्या वर्षी त्यांच्याकडून गणपतीचं आमंत्रण आलं नाही. आपल्या लोकांत खरं बोलायची किंमत एवढीच होती, आणि तेवढ्या भीतीपोटी मी अख्खी नोकरी गप्प राहिलो होतो.