माझ्या चालचलणुकीबद्दल शेजारच्या काकांचं म्हणणं

बँकॉकला पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या पोरींचं शिबिर होतं आणि त्यात माझी निवड झाली, तेव्हा माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. आमच्या घरात तो कोणाकडेच नव्हता. घरातला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे बाबांचा नागपूरचा, तोही ऑपरेशनसाठी. शिबिरवाल्यांनी स्वच्छ सांगून टाकलं की महिना संपायच्या आत पासपोर्टचा नंबर कळवा, नाहीतर तुमची जागा दुसऱ्या मुलीला जाईल.

बुलढाण्याला जाऊन कागद दाखवले, बोटं टेकवली, फोटो काढला. एका सकाळीत सगळं आटोपलं. भांडायची तयारी करून गेले होते, ती तशीच परत आणली. फोटोत मी अशी दिसते की अशा बाईला देशाबाहेर सोडू नये असं माझंच मत झालं. आता उरलं पोलिसांचं. पोलीस गावात येणार, शेजाऱ्यांना विचारणार की ही मुलगी कशी आहे, आणि शेजारी काय बोलतात त्यावर माझं विमान उडणार की नाही ते ठरणार. संविधानाने मला नागरिक केलं, पण खात्री करायला शेजारीच लागतात.

शिबिराचं काम पाहणारी थायलंडची मुलगी माझ्याच वयाची. दोघींच्या मोडक्या इंग्रजीत तिने फोनवर सांगितलं की तिने पहिला पासपोर्ट काढला तेव्हा ओळखपत्र दाखवलं, बोटं टेकवली, फोटो काढला आणि ती घरी गेली. मग पासपोर्ट पोस्टाने आला.

"आणि शेजारी?" मी विचारलं.

"शेजाऱ्यांचं काय?"

मी बराच वेळ समजावलं. शेवटी तिला वाटलं की माझ्यासोबत माझे शेजारीपण येणार आहेत, आणि त्यांच्या खोलीची सोय होणार नाही असं तिने नम्रपणे कळवलं.

आमचे शेजारी म्हणजे ग्रामपंचायतीचे लिपिक. सगळ्या गल्लीचे काका. गावाचं पाणी त्यांच्या हातात. आमच्या गल्लीत नळ आठवड्याने यायचा आणि सरपंचांच्या गल्लीत रोज. यावर मी पत्रक काढलं होतं. लिहायला मी पत्रकं काढूनच शिकले, त्यामुळे कोणाला तरी झोडपल्याशिवाय माझा परिच्छेद संपत नाही. 'पाण्याचा दलाल कोण?' असा जाड मथळा होता. नाव टाकलं नव्हतं, नुसतं 'लिपिक' लिहिलं होतं. पण गावात लिपिक एकच. पत्रक बसस्टँडवर लागलं, पिठाच्या गिरणीवर लागलं, न्हाव्याच्या आरशावरही लागलं. काका तिथेच दाढीला जायचे. त्यानंतर ते घरीच दाढी करू लागले आणि माझ्याशी बोलणं त्यांनी बंद केलं. काकू बोलायच्या, पण भिंतीकडे पाहून.

पोलीस आले त्या दिवशी आमच्या घराला कुलूप होतं. आई-बाबा साखरखेर्ड्याच्या बाजारात मेथी घेऊन गेलेले, मी चिखलीला बैठकीला. संध्याकाळी परत आले तर काकू ओट्यावर वाटच पाहत होत्या. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलल्या.

"पाव्हणे येऊन गेले वं तुले पाहाले. मोटरसायकलवर दोघं जण. एकाचं टक्कल पडून राह्यलं, पण सोभावानं चांगला वाटला."

"कोणते पाहुणे, काकू?"

"आता मलेच इचार. मुलगी कशी हाय, कोठं जाते, कोणासंग राह्यते, सगळं इचारलं त्यायनं. काकानं लय चांगलं सांगतलं. मीच म्हटलं काकाले, आपलं भांडण आपल्यापाशी. पोरीचं लगन मोडाचं पाप आपल्याले नको."

हा आमच्याकडचा अलिखित कायदा आहे. मुलीसाठी स्थळाची चौकशी करायला कोणी आलं, तर शेजारी कितीही वैरी असो, वाईट सांगत नाही. मुलगी पळून गेली असली तरी 'मामाच्या गावाला गेली' म्हणतो. उद्या आपल्या मुलीच्या वेळी समोरच्यानेही असंच खोटं बोलावं, एवढी माफक अपेक्षा. ग्रामसभेचा एक ठराव कोणी पाळत नाही, हा मात्र सगळे पाळतात.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून बोलावणं आलं. काकूंनी सांगितलेला टक्कल पडलेला माणूस टेबलामागे बसला होता, काल साध्या कपड्यात आलेला, आज वर्दीत. जालन्याकडून नुकताच बदलून आलेला शिपाई. त्याने काकांचा जबाब वाचून दाखवला. मुलगी शांत आणि सालस. कारणाशिवाय घराबाहेर पडत नाही. तिचा चढलेला आवाज शेजाऱ्यांनी कधी ऐकलेला नाही. शिवणकाम उत्तम.

पलीकडच्या टेबलावरच्या जुन्या हवालदाराला चहाचा ठसका लागला.

"ही? आवाज ऐकला नाही? मागच्या उन्हाळ्यात रस्ता अडवला म्हणून हिले इथं आणून बसवली, तं आमचा फोन आम्हाले ऐकू येत नव्हता."

शिपायाने वर पाहिलं. "मग हा जबाब कोणाचा आहे? माणूस खोटं बोलला, का पत्ताच खोटा आहे? मी चौकशी अपूर्ण म्हणून पाठवतो."

महिना संपायला आठवडा राहिला होता. गुन्हा दाखल नाही, नुसतं बसवून सोडलं होतं, हे हवालदारानेच त्याला सांगितलं. अडचण फक्त माझ्या सालसपणाची होती. "ते खोडा," मी म्हटलं. "आत्ता चला माझ्यासोबत आणि परत विचारा. मी घराबाहेर पडत नाही हे सरकारी कागदावर मला चालणार नाही."

आम्ही पोचलो तेव्हा काका बनियनवर जेवायला बसत होते. वर्दी पाहून उठले.

"काल तुम्ही मला काय सांगितलं?" शिपाई म्हणाला.

"काल तुम्ही पाव्हणे होते ना."

"मी पाहुणा नव्हतो, पोलीस होतो."

"मंग पोहे काऊन खाल्ले?"

शिपायाने वही उघडली. "खरं सांगा. मुलगी कशी आहे?"

काकांनी पत्रकानंतर पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी. माझं सगळं बँकॉक त्या बनियनवाल्या माणसाच्या तोंडात होतं, आणि मनात आलं असतं तर त्यांनी ते तिथेच थुंकलं असतं.

"लिवा," ते म्हणाले. "पोरगी घरात थांबत नाही. बोलते तं आमच्या टीव्हीचा आवाज येत नाही. शिवण-बिवण काही येत नाही तिले. पत्रकं काढते. माह्यावर काढलं."

"खोटं लिहिलं होतं का त्यात?" शिपायाने विचारलं.

काकांनी ताटाकडे पाहिलं. आतून काकू म्हणाल्या, "हो म्हणा नाही तं नाही म्हणा. भाकर थंडी होऊन राह्यली."

"दलाल लिवलं, ते खोटं. मी कोणाचा रुपया नाही खाल्ला. मले वरून सांगतात तसा नळ सोडतो."

"आणि नळ?"

"नळ आठवड्यानं येते. ते हाय तसंच."

"चोरी, मारामारी?"

"छ्या. शिव्या देते, पण कागदावर."

"देशाला काही धोका?"

"देशाचं मले नाही मालूम. ग्रामपंचायतीले हाय."

शिपायाने एवढंच लिहिलं की अर्जदार सामाजिक कामात असते, गुन्हा नाही, हरकत नाही. काकांनी सही केली. मोटरसायकल कोपऱ्यावर वळल्यावर म्हणाले, "दलाल काऊन लिवलं वं? लिपिक हाय मी."

"'लिपिक कोण' असा मथळा दिला असता तर कोणी वाचलं असतं, काका?"

काका आत जेवायला गेले.

महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी पासपोर्ट आला. त्यात माझ्या स्वभावाबद्दल एक शब्द नाही. पोस्टमन समोर उभा असतानाच मी नंबर कळवून टाकला आणि जागा माझी झाली. काका ओट्यावर दाढी करत बसले होते.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"दहा."

"दहा दिवसात काय होते," ते गालावरचा फेस पुसत म्हणाले. "महिनाभर राह्य."