फिजिक्सचे सर मोबाइलमध्ये आहेत म्हणे

मित्रांनो, आज स्वतःचीच किळस आली म्हणून लिहितोय.

अधिवेशन तोंडावर आलंय. उच्च शिक्षणासाठी बजेटमध्ये काय हवं, ते ऐकायला एक पुढारी आज धुळ्यात आमच्या कॉलेजात आले होते. ऐकायला आलेले साहेब नव्या धोरणावर तासभर स्वतःच बोलले.

शेवटी बीएस्सीची सविता उठली. ती पिंपळनेरहून रोज एसटीने येते. घाबरली की तिच्या तोंडी अहिराणी येते. "सायेब, आमले फिजिक्स शिकाडाले कोणीच नही शे." खरं आहे, फिजिक्स शिकवणाऱ्याची जागा दोन वर्षं भरलेलीच नाही.

साहेब हसले. "बेटा, मोबाइल आहे ना? त्यात जगातले सगळे सर आहेत!"

हशा पिकला, टाळ्या पडल्या. सविता मान खाली घालून बसली.

मी तिथे तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. प्राचार्यांनी मागे वळून पाहिलं आणि मीही टाळ्या वाजवल्या. जूनमध्ये पुन्हा नेमणुकीची ऑर्डर मिळायला हवी ना!

गेटवर सविता दिसली. "सर, तुम्हीपण?" एवढंच म्हणाली आणि स्टँडकडे निघून गेली.

सोमवारी तिच्याच वर्गावर माझा तास आहे. कोणत्या तोंडाने जाऊ, सांगा.