काकांचा पॉज

डॅलसजवळच्या अर्विंगमध्ये आमच्या घरी शनिवारी दुपारी चारपाच मराठी कुटुंबं कोरियन सिनेमा बघायला जमतात. सिनेमे विसरले जातात, पण सोफ्यावर घडलेले किस्से मात्र साठत राहतात. कुणी नवीन आलं की सिनेमा राहतो बाजूला आणि आम्ही तेच सांगत बसतो.

बहुतेक किस्से विनायककाकांचे. नागपुरात कॉलेज बुडवून अमेरिकन सिनेमे बघत मोठा झालेला माणूस! रिमोट कायम त्यांच्याकडे. ओळखीचं काही दिसलं की पॉज करून जाहीर करतात, "हे इथून उचललंय." एकदा कोरियन काउबॉय माळावरून घोडे दौडवत निघाले. काकांनी इतक्यांदा पॉज केलं की घोडे नदीपर्यंत पोचायच्या आत आमचे पोहे संपले.

*

एका थ्रिलरमध्ये डिटेक्टिव्ह खुन्याचा माग काढता काढता नूडल्स खायला बसला. हाही अमेरिकेतूनच आलाय, असं काकांचं म्हणणं. पुण्याची केतकी म्हणाली, "अमेरिकन असता तर नुसत्या कॉफीवर राहिला असता, काका. हा जेवतो तरी."

*

एकदा शेजारच्या, मूळच्या कोरियन मिस्टर पार्कना बोलावलं. वाटलं, आता घरचाच एक्स्पर्ट मिळाला. पण ते डॅलसमध्ये वाढलेले, आमच्यासारखेच सबटायटल्स वाचत बसले. कोरियात मोठ्यांसमोर दारू पिताना मान वळवायची असते, हे शेवटी काकांनीच त्यांना समजावून सांगितलं!

*

मग तो गँगस्टर सिनेमा. काळे सूट, काळ्या गाड्या, सगळा अमेरिकन थाट. गुंड एका घरात मारामारीला शिरले आणि दारात बूट काढून ओळीने ठेवले. आम्ही खूप हसलो. काकांची मुलगी इरा हसली नाही. "बाबा, कॅमेरा इथला असेल," ती म्हणाली, "बट द शूज आर देअर्स."

इराची आई ती तिसरीत असताना गेली आणि काकांनी तिला एकट्याने वाढवलं. आता ती सॉफ्टवेअरची नोकरी सोडून फिल्म स्कूलला निघाली होती. दुसऱ्यांचं बघून केलेल्या कामात आपलं असं काय असणार, हा काकांचा प्रश्न. मला दोघांचंही पटायचं, म्हणून मी चहा ठेवायला उठायचे.

*

गेल्या महिन्यात इराने आमच्याकडे तिची पहिली शॉर्ट फिल्म लावली. बाबा नाही म्हणाले तर अ‍ॅडमिशन कॅन्सल करीन, असं ती मला किचनमध्ये सांगून गेली होती.

पहिल्याच शॉटमध्ये दाराच्या चौकटीत एकटा उभा माणूस, मागे रखरखीत ऊन. काकांनी पॉज केलं. "काउबॉय वेस्टर्नमधून उचललंय." इरा खाली बघत राहिली.

फिल्म पुढे सरकली. त्या माणसाची बायको नुकतीच गेली आहे. सकाळी तो मुलीचा शाळेचा डबा भरतो. मग सिंकचा नळ पूर्ण सोडतो आणि त्या आवाजाआड रडतो. नळ बंद करतो, तोंड पुसतो, मुलीला उठवायला हाक मारतो.

काकांनी पुन्हा पॉज केलं. नेहमीच्या वाक्याची वाट बघत आम्ही थांबलो. मला इराकडे बघवेना.

काका स्क्रीनकडेच बघत होते.

"तू जागी होतीस?" त्यांनी विचारलं.